सरळ रेघेचं कोडं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मला रेडिओवरून एक चित्र दाखवायचं आहे. काम अडचणीचं आहे, पण तुम्ही थोडी मदत केलीत तर जमेल. डोळ्यांसमोर एक चौकट आणा. तिच्यात डावीकडून उजवीकडे जाणारी एक रेघ आहे. डावं टोक म्हणजे काल या वेळी, उजवं टोक म्हणजे आत्ता. रेघ वर चढली की पाणी वाढलं, खाली आली की उतरलं. आता उजवीकडचा शेवटचा बोटभर भाग बघा. तिथे रेघ अगदी आडवी आहे, फूटपट्टी ठेवून मारल्यासारखी. प्रश्न असा की, पाणी थांबलं आहे म्हणून रेघ सरळ आहे, की पाण्याची बातमी येणंच थांबलं आहे म्हणून?

चित्र दोन्ही वेळा एकच दिसतं. ती रेघ घरातल्या टाकीची असेल तर फार तर सकाळी आंघोळीचे वांधे होतील. पण नदीची असेल तर? कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात हे आकडे नदीकाठच्या माणसाला तोंडपाठ असतात. 'किती झालं?' एवढंच विचारतात, कशाचं ते सांगावं लागत नाही. अशा रात्री सामान माळ्यावर चढवायचं, की जनावरांची दावी सोडून घराबाहेर पडायचं, हे ज्याला ठरवायचं आहे त्याच्यापुढे अशी एखादी रेघ असेल, तर ती सरळ का आहे हे त्याला कळायलाच हवं. ते कळावं म्हणून ही रेघ तयार कशी होते आणि वेबपेजपर्यंत पोचते कशी, ते आज पाहू.

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आपल्याशी बोलतो तो बहुधा आकड्यांत. टाकीतल्या पाण्याची उंची मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहितो. दहा वाजून पाच, बहात्तर. दहा वाजून दहा, एकाहत्तर. रात्रभरात अशा शंभरेक ओळी होतात. त्या वाचून कुणाला काय कळणार? डोळ्याला मात्र चढ-उतार क्षणात कळतो. म्हणून तर दवाखान्यात पेशंटच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगायची पद्धत पडली. प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या आकड्यांचं चित्र करायचं आणि ते कुणालाही, कुठूनही दिसेल असं ठेवायचं, ही कल्पना वेबच्या अगदी बालपणातली आहे. आणि वेबवर असं सतत बदलणारं चित्र पहिल्यांदा गाजलं ते, खरं सांगायचं तर, आळसामुळे.

इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीपाशी कॉफीचं एक भांडं असे. संशोधक मंडळी इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर बसलेली. जिने चढून-उतरून यावं तर भांडं रिकामं, हा नेहमीचा अनुभव. १९९१ मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र जो तो आपल्या टेबलावरच्या पडद्यावर बघेल अशी सोय केली. चित्र काळं-पांढरं, १२८ ठिपके रुंद आणि तेवढेच उंच, मिनिटाला सुमारे तीनदा बदलणारं. कॉफी आहे की नाही हे कळायला एवढं पुष्कळ झालं. नोव्हेंबर १९९३ मध्ये डॅनिएल गॉर्डन आणि मार्टिन जॉन्सन यांनी ते वेबवर आणलं आणि मग ज्यांना ती कॉफी जन्मात कधी मिळणार नव्हती असे लोक जगभरातून ते भांडं बघू लागले! २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला. त्या वेळचं कॉफीयंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. घेणारं होतं जर्मनीतल्या 'श्पीगेल' साप्ताहिकाचं ऑनलाइन संपादक मंडळ.

गंमत बाजूला ठेवू. त्यातली खरी युक्ती पुढची होती. तोवर वेबचं पान म्हणजे बहुतेक वेळा छापून ठेवलेला कागद. आज मागा, उद्या मागा, तोच कागद मिळायचा. इथे पत्ता तोच, पण मागाल तेव्हा ताजं चित्र. सर्व्हर, म्हणजे मागणी आल्यावर पान पाठवणारं यंत्र, चित्र काढून ठेवत नव्हता, त्या क्षणी काढून देत होता.

कॅमेऱ्याचं चित्र आयतं असतं. आकड्यांपासून रेघ काढायची तर थोडी मेहनत आहे. तिचं सर्वांत चालतं-बोलतं उदाहरणही इंग्लंडातलंच. लेस्टर शहरातल्या डी माँटफर्ट विद्यापीठात टोबियस ओटिकर नावाचा तरुण काम करत होता. बाहेरच्या जगाशी जोडणारी तिथली इंटरनेटची तार सेकंदाला ६४ हजार बिट एवढ्याच वेगाची होती. या वेगाने आजच्या मोबाइलमधला एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं लागतील. तार एक आणि वापरणारे पुष्कळ, तेव्हा ती किती भरली आहे हे प्रत्येकाला बघायचं होतं. ओटिकरने त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५ च्या वसंतात सर्वांना फुकट देऊन टाकला. त्याचं नाव एमआरटीजी. पुढे जगभरच्या कॉलेजांत, कंपन्यांत आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे त्याचे हिरवे-निळे आलेख दिसू लागले. आत येणारी माहिती हिरव्या रंगाने भरलेली, बाहेर जाणारी निळ्या रेघेने.

त्याचं काम घरच्या वीजमीटरसारखं चालतं. मीटर तुम्हाला आज किती वीज जळली ते सांगत नाही, बसवल्यापासून एकूण किती जळली ते सांगतो. मागच्या महिन्याचा आकडा वजा केला की या महिन्याचा वापर निघतो. तारेच्या टोकाशी असणाऱ्या राउटर नावाच्या यंत्रातही असाच एक मोजणीचा आकडा सतत वाढत असतो. एमआरटीजी दर पाच मिनिटांनी तो विचारतो, आधीचा वजा करतो आणि सेकंदांनी भागतो. स्कूटरचं मीटर नव्व्याण्णव हजारांनंतर शून्यावर येतं तसा हा आकडाही कधीतरी पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्याची मात्र आठवण ठेवावी लागते. नाहीतर वजाबाकीचं उत्तर उणे येतं.

मग तो आकडा चौकटीत बसवायचा. चौकट शंभर ठिपके उंच आणि टाकी शंभर टक्के, असं असेल तर हिशेब सोपा: बहात्तर टक्के म्हणजे बहात्तरावा ठिपका. पण पडद्यावर ठिपके मोजतात ते वरून खाली. शाळेतल्या आलेखवहीच्या बरोबर उलट. त्यामुळे हे काम पहिल्यांदा करणाऱ्याची टाकी भरू लागली की रेघ खाली जाते आणि तो बिचारा पंपाकडे बघत बसतो. दुसरा घोटाळा मापाचा. चौकटीची वरची-खालची हद्द प्रोग्रॅमला आपोआप ठरवू दिली, तर रात्री पाणी एकाहत्तर आणि बहात्तरच्या मध्ये हललं तरी पडद्यावर सह्याद्रीची रांग उभी राहते. टाकीसारख्या गोष्टीला शून्य ते शंभर ही हद्द कायमची ठोकून टाकावी. नदीच्या आलेखात इशारा आणि धोका या दोन पातळ्यांच्या रेघा आधीच आखून ठेवाव्यात, म्हणजे चढाला अर्थ येतो.

चित्र तयार झालं, पण बघणाऱ्याच्या पडद्यावर ते जुनंच राहिलं तर? एमआरटीजीच्या पानातच ब्राउझरला सांगितलेलं असे, की दर पाच मिनिटांनी हे पान पुन्हा माग. त्यातही एक मेख होती. ब्राउझर काटकसरी असतो. एकदा आणलेलं चित्र तो स्वतःजवळ जपून ठेवतो आणि पुन्हा मागितलं की घरातलंच काढून देतो. शिळ्या भाकरीला ताजी म्हणावं तसं. म्हणून चित्राबरोबर 'हे अमुक वेळेपर्यंतच चालेल' अशी चिठ्ठी पाठवावी लागते, औषधाच्या बाटलीवर असते तशी.

राहिला प्रश्न साठवणीचा. दर पाच मिनिटांनी एक आकडा म्हणजे दिवसाला २८८, वर्षाला लाखाच्या वर. एवढं कशाला जपायचं? ओटिकरची तोड अशी: कालचा दिवस पाच-पाच मिनिटांनी जपा, आठवडा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सरासरीने, महिना दोन-दोन तासांच्या आणि वर्ष एकेका दिवसाच्या. पुढे १९९९ मध्ये त्याने आरआरडीटूल नावाचं स्वतंत्र साधन काढलं. त्याची साठवण आपल्या रहाटगाडग्यासारखी. पोहरे ठरलेले, नवं पाणी आलं की सर्वांत जुनं त्याच पोहऱ्यातून जातं. त्यामुळे फाइल पहिल्या दिवशी जेवढी, दहा वर्षांनीही तेवढीच. किंमत एकच, सरासरीत शिखरं बोथट होतात. रात्री दोन वाजता तासाभरासाठी चढलेलं पाणी वर्षाच्या आलेखात दिसतच नाही. म्हणून सरासरीच्या जोडीला कमाल आकडाही जपायची सोय या प्रोग्रॅममध्ये आहे. ती न वापरता वर्षाच्या रेघेवरून 'इथे पाणी कधीच एवढं चढत नाही' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता आपल्या सरळ रेघेकडे येऊ. प्रोग्रॅमने पाच मिनिटांनी आकडा विचारला आणि उत्तरच आलं नाही, तर त्याने काय काढायचं? वाटा तीन आहेत. मागचाच आकडा पुन्हा लिहायचा, शून्य लिहायचं, किंवा काहीच न लिहिता जागा मोकळी सोडायची. एमआरटीजी आपण होऊन पहिली वाट धरतो. हवं तर शून्य लिहायलाही सांगता येतं, पण त्याच्या माहितीपुस्तिकेत सावध केलेलं आहे, की शून्यावरच्या रेघेपेक्षा अधांतरी सपाट रेघ पुष्कळदा चटकन डोळ्यांत भरते. इंटरनेटच्या तारेच्या बाबतीत हे पटतं. ती रहदारी क्षणभरही एकसारखी नसते. तिथे सपाट रेघ म्हणजे काहीतरी बिनसलं, हे जाणकाराला दिसतं. पण टाकीचं पाणी रात्रभर सपाट राहू शकतं, नदीही तासन् तास एका पातळीवर राहते. तिथे मागचा आकडा पुन्हा लिहिणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणं. आणि शून्य लिहिणं तर त्याहून वाईट, भर पुरात नदी आटल्याची बातमी! आरआरडीटूलमध्ये ओटिकरने तिसरी वाट घेतली. ठरावीक मुदतीत नवा आकडा आला नाही, तर तिथे 'माहीत नाही' अशी नोंद होते आणि चित्रात रेघ तुटते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात ही सर्वांत शहाणी गोष्ट आहे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी हौस म्हणून मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला असंच एक यंत्र लावलं. झाकणाच्या आतल्या बाजूने ते आवाजाची लहर खाली सोडतं, पाण्यावर आपटून परत यायला तिला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतं. आलेख प्रत्येकाच्या फोनवर. लोक खूश, मी त्याहून खूश. मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री रेघ सत्तर टक्क्यांवर होती, म्हणून कुणी पंप लावला नाही. रविवारी सकाळी सहा वाजता सगळे नळ कोरडे. वर जाऊन बघतो तर उंदराने वायर कुरतडलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात रिकामी बादली घेऊन उभ्या. म्हणाल्या, "काय रे, तुझ्या फोनमध्ये पाणी आहे म्हणे. मग त्यातलंच बादलीभर दे काढून."

दोष उंदराचा नव्हता. आकडा आला नाही तर मागचाच पुढे चालव, असं मीच प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं. का? तर मधेच तुटलेली रेघ दिसायला वाईट दिसते म्हणून.

आमचं बादलीभर पाण्यावर निभावलं. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत काय झालं ते पाहा. वेबपेजची नव्हे, वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षाची ही गोष्ट आहे, पण दुखणं तेच. ओहायो राज्यात 'फर्स्टएनर्जी' कंपनीच्या कक्षात वीजवाहिन्यांमध्ये काही बिघडलं की इशारा देणारा प्रोग्रॅम होता. दुपारी सव्वादोनच्या सुमारास तो आतल्या आत अडकला. बंद पडल्याचं त्याने सांगितलं नाही, नुसता गप्प झाला. समोर बसलेल्यांना वाटलं, इशारा नाही म्हणजे सगळं ठीक आहे. पुढे त्यांचे पडदेही मंदावले. एरवी एक ते तीन सेकंदांत ताजं होणारं चित्र ताजं व्हायला ५९ सेकंदांपर्यंत लागू लागले. दरम्यान वाढलेल्या झाडांना टेकून एकामागून एक वाहिन्या बंद पडत होत्या. बाहेरून फोन येत होते, की काहीतरी गडबड आहे, पण पडद्यावर तसं काही दिसत नव्हतं. चार वाजून गेल्यावर अवघ्या काही मिनिटांत अमेरिकेच्या ईशान्येकडचा मोठा प्रदेश आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताचा बराचसा भाग अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. दोन्ही देशांच्या सरकारांनी नेमलेल्या पथकाच्या अहवालात कारणं अनेक दिली आहेत. झाडं न छाटणं हेही त्यांत आहे. पण ती मुकी झालेली यंत्रणा त्यांतलं ठळक कारण आहे.

तेव्हापासून वेबची साधनं पुष्कळ बदलली. दर वेळी अख्खं पान नव्याने मागायची गरज उरली नाही. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये पानाने गुपचूप फक्त आकडे मागवून घ्यायची सोय आली, २००५ मध्ये त्या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव पडलं आणि तिचा बोलबाला झाला. अ‍ॅपलने २००४ मध्ये 'कॅनव्हास' आणला, म्हणजे पानातलाच चित्रफलक. आता सर्व्हर चित्र पाठवत नाही, नुसता आकडा पाठवतो आणि रेघ तुमचा फोन स्वतः ओढतो. २०११ मध्ये 'वेबसॉकेट' ही पद्धत प्रमाण झाली. पूर्वीचा प्रकार पोस्टमनला रोज गाठून 'आलं का पत्र?' विचारण्यासारखा होता. हा प्रकार फोन उचलून कानाला लावून ठेवण्याचा. पलीकडे काही घडलं की लगेच ऐकू येतं. पण कानाला लावलेला फोन बराच वेळ शांत असेल तर आपण काय करतो? 'हॅलो, आहात ना?' असं विचारतो. वेबसॉकेटमध्येही अगदी तेच ठेवलं आहे. मधूनमधून एका बाजूने 'पिंग' म्हणायचं, दुसरीने 'पाँग' म्हणून ओ द्यायची. ओ आली नाही तर तार तुटली असं समजायचं.

पण ही ओ फक्त सर्व्हर आणि फोन यांच्यामधल्या तारेची असते. गच्चीवर वायर तुटली असेल तर सर्व्हर जिवंत, फोन जिवंत, दोघंही एकमेकांना उत्साहाने ओ देत राहतील आणि आकडा तेवढा शिळा असेल. म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर तो मोजला तेव्हाची वेळ यायला हवी, पाठवला तेव्हाची नव्हे. आणि ती घड्याळाच्या भाषेत छापावी: 'शेवटची नोंद १०.०५'. काही पानांवर 'पाच मिनिटांपूर्वी' असं लिहितात. ते गोजिरवाणं दिसतं, पण पानच गोठलं तर 'पाच मिनिटांपूर्वी' हे शब्दही त्याच्याबरोबर गोठतात आणि दोन तासांनंतरही पाच मिनिटांपूर्वीच राहतात. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघता येईल असा आकडा समोर असला की माणूस स्वतःच हिशेब करतो.

मी माझं पान तसं बदललं. ओळीने तीन नोंदी चुकल्या की रेघ तुटते, पुढची जागा राखाडी होते आणि वर शेवटच्या नोंदीची वेळ ठळक अक्षरांत दिसते. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन जणांनी तक्रार केली, की आता ती रेघ पूर्वीसारखी छान दिसत नाही, मधे मधे भोकं पडतात. भोकं पूर्वीही पडत होती, हे मी त्यांना सांगितलं.

आमचे वॉचमनकाका या सगळ्यापासून अलिप्त आहेत. रोज रात्री नऊ वाजता ते गच्चीवर जातात, टाकीत काठी उभी घालतात, ओल कुठवर आली ते वितीने मोजतात आणि वहीत लिहितात. मध्यंतरी त्यांच्या वहीत आणि माझ्या रेघेत चार बोटांचा फरक पडू लागला. वेळ ताजी होती, नोंदी एकही न चुकता येत होत्या. वर जाऊन पाहिलं, तर टाकी धुणाऱ्याने झाकण परत बसवताना जरा तिरकं बसवलं होतं आणि यंत्र पाण्याऐवजी टाकीच्या भिंतीकडे बघत होतं.